शोध हरपलेल्या ग्रंथाचा : पालीचे प्राध्यापक पु. वि. बापट आणि चिनी अक्षरे

पुण्यात विधी महाविद्यालय रस्त्यावरील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आमच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांना दाखवण्याचा प्रघात आम्ही पाळत आलो आहोत. जुन्या पोथ्या, ताडपत्रे पाहून मुले हरखतात. एकदा आम्ही त्यांना १९७० साली त्या संस्थेने प्रसिद्ध केलेला एक जाडजूड ग्रंथ दाखवला. ग्रंथाचे नाव 'शान-चिएन-पी-पो-शा'. मूळ चिनी ग्रंथाचे ते इंग्रजी भाषांतर. भाषांतरकार दोन : एक जपानचे विद्वान अकिरा हिराकावा आणि दुसरे आपल्या पुण्याचे पुरुषोत्तम विश्वनाथ बापट. आठवीतल्या एका मुलाने विचारले, की बुद्ध आपले, भाषा पाली, मग बापटांना चिनी कशाला शिकावी लागली? प्रश्न रास्त होता. उत्तर बसमधल्या गोंगाटात देता आले नाही. ते या स्मरणिकेच्या निमित्ताने देत आहोत.

बापटांचा जन्म १८९४ सालचा. त्या काळच्या पुण्यात संस्कृत विद्येला मोठा मान होता, परंतु पालीला घर नव्हते. ते घर धर्मानंद कोसंबी यांनी बांधले. गोव्यातील सांखवाळच्या या माणसाने बुद्धाच्या ओढीने घरदार सोडले, पुणे, काशी, नेपाळ करीत १९०२ साली सिंहलद्वीप गाठले, तेथे पाली आत्मसात केली आणि पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठापर्यंत मजल मारून १९१२ साली ते फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. अवघी सहा वर्षे ते तेथे होते. पण त्या सहा वर्षांत त्यांच्या हाताखाली जे मोजके विद्यार्थी तयार झाले त्यांनी पुढे महाराष्ट्रात पालीचा अभ्यास रुजवला. बापट हे त्यांपैकी एक. पुढे तेही फर्ग्युसनमध्येच पालीचे प्राध्यापक झाले.

कोसंबींच्या पिढीला पाली शिकताना आधी लिपी शिकावी लागे, हे आज आपल्या ध्यानात येत नाही. पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली अक्षरांत, ब्रह्मदेशात बर्मी अक्षरांत, सयाममध्ये तेथील अक्षरांत आणि लंडनमध्ये रोमन अक्षरांत छापली जाई. ज्या भूमीत बुद्धवचन उच्चारले गेले त्या भूमीच्या देवनागरीत मात्र ते दुर्मीळ होते. बापटांनी १९२४ साली 'सुत्तनिपात' देवनागरीत संपादून पुण्यातून प्रसिद्ध केला. पुढे १९४० मध्ये 'धम्मसंगणि' आणि १९४२ मध्ये तिच्यावरील 'अट्ठसालिनी' ही अट्ठकथा त्यांनी रा. द. वाडेकर यांच्यासह देवनागरीत आणली. ही कामे नुसती लिप्यंतराची नव्हेत. निरनिराळ्या देशांतील प्रती समोर ठेवायच्या, एकेका शब्दाचा पाठ ताडून पाहायचा, योग्य तो वर घ्यायचा आणि उरलेले तळटीपेत नोंदवायचे, असे हे जिकिरीचे काम असते. आज आमचा नववीतला विद्यार्थी 'सुत्तनिपात' उघडून स्वतःच्या लिपीत वाचू शकतो, त्यामागे ही मेहनत आहे.

आता चिनीकडे वळू. पालीच्या अभ्यासकाला ज्याच्यावाचून पुढे जाता येत नाही असा एक ग्रंथ म्हणजे आचार्य बुद्धघोषांचा 'विसुद्धिमग्ग'. शील, समाधी आणि प्रज्ञा यांचा तो महाकोश होय. इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपातील अनुराधपुरात तो रचला गेला. कोसंबींनी आयुष्याची कित्येक वर्षे याच ग्रंथाच्या संपादनात घातली. परंतु विद्वानांना एक कोडे पडले होते. याच धाटणीचा 'विमुत्तिमग्ग' नावाचा ग्रंथ उपतिस्स नावाच्या थेरांनी रचला होता, असे समजत होते. त्याची मूळ पाली प्रत काळाच्या ओघात हरपली. चीनमध्ये मात्र तो जिवंत होता. फुनान, म्हणजे आजच्या कंबोडियाच्या बाजूचे प्राचीन राज्य. तेथील संघपाल नावाच्या भिक्खूने इसवी सन ५१५ च्या सुमारास तो बारा गुंडाळ्यांत चिनी भाषेत उतरवून ठेवला होता. बुद्धघोषांच्या आधी हा मार्ग कोणी आखला होता का, हे जाणून घ्यायचे तर त्या बारा गुंडाळ्या वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते. पालीचा हा मराठी प्राध्यापक तिशी उलटल्यावर चिनी अक्षरांकडे वळला तो या कारणासाठी.

चिनी अक्षरे शिकणे म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण वाचकांपैकी बहुतेकांना ती नुसती चित्रे वाटतात. आपल्याकडे बावन्न वर्ण शिकले, बाराखडी आली, की जगातला कोणताही मराठी शब्द लिहिता येतो. चिनीत वर्णमाला नाही. प्रत्येक अक्षर हे स्वतंत्र आहे, त्याला अर्थ आहे आणि अशी हजारो अक्षरे आहेत. त्यातील प्रत्येक अक्षर ठरावीक रेघांचे बनते आणि त्या रेघा ठरावीक क्रमानेच काढायच्या असतात. वरची आधी, खालची मागून. डावीकडची आधी, उजवीकडची मागून. आडवी आणि उभी एकमेकींना छेदत असतील तर आडवी आधी. चौकट असेल तर तिच्या तीन बाजू आधी काढायच्या, आतला मजकूर भरायचा आणि तळाची रेघ शेवटी ओढून दार लावून घ्यायचे. चिनी मुले पाटीवर हेच घोटतात.

एखाद्याला वाटेल, अक्षर अखेर दिसायला बरोबर झाले म्हणजे झाले, रेघ कोठून सुरू केली याला काय महत्त्व? आम्हीही असेच समजत होतो. परंतु मराठी शाळेतला शिक्षकही पहिलीच्या मुलाला अक्षर कोठून सुरू करायचे ते बोट धरून दाखवतो आणि शिरोरेघ शेवटी द्यायला सांगतो. खालून वर अक्षर काढणारा मुलगा पहिलीत खपून जातो. पाचवीत भराभर लिहिण्याची वेळ आली म्हणजे त्याचे अक्षर फिसकटते आणि स्वतःचेच लिहिलेले त्याला वाचता येत नाही. चिनीत ही गोष्ट शतपटीने खरी आहे. हाताने भराभर लिहिलेल्या मजकुरात रेघा एकमेकींत मिसळतात आणि कोणती रेघ कोणत्या रेघेनंतर येते हे हाताला ठाऊक असेल तरच डोळ्याला ते अक्षर उलगडते.

परदेशी अभ्यासकाला तर रेघा मोजता आल्याच पाहिजेत, कारण त्यावाचून शब्दकोश उघडत नाही. मराठी कोशात 'क' नंतर 'ख' येतो. चिनी कोश निराळा चालतो. १७१६ साली सम्राट कांगशीच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या महाकोशात सर्व अक्षरे २१४ मूळ घटकांखाली लावली आहेत. पाणी, झाड, माणूस, वाणी, अग्नी असे हे घटक. अनोळखी अक्षर समोर आले, की आधी त्यातला मूळ घटक ओळखायचा, तो किती रेघांचा आहे ते पाहून कोशातील विभाग काढायचा, मग उरलेल्या भागातील रेघा मोजून त्या संख्येखालील यादीत अक्षर हुडकायचे. एक रेघ चुकली, की शोध फसला. दोन वळणांची रेघ एकच धरायची की दोन, हे ज्याने ती हाताने काढली आहे त्यालाच समजते.

उपतिस्सांच्या ग्रंथाचे चिनी नावच घेऊ. चार अक्षरांचे ते नाव आहे आणि शिकाऊ माणसाची चांगली परीक्षा पाहते. पहिले अक्षर 'च्ये', म्हणजे सोडवणे, उलगडणे. त्यात डावीकडे शिंग आहे, उजवीकडे वर सुरी आणि खाली बैल. सुरीने बैलाचे शिंग विलग करावे, तसे गुंता विलग करणे. शिंगाच्या सात रेघा, सुरीच्या दोन, बैलाच्या चार, अशा तेरा. दुसरे अक्षर 'थुओ', सुटणे. याच्या डाव्या अंगाला जो घटक आहे तो हुबेहूब चंद्रासारखा दिसतो. नवखा माणूस कोशात चंद्राखाली शोधत बसतो आणि अक्षर सापडत नाही, कारण तो चंद्र नसून आक्रसून लिहिलेले मांस आहे आणि कोशात त्याची गणना सहा रेघांच्या घटकांत होते. तिसरे 'ताओ', मार्ग. मस्तक आणि चालणे मिळून ते बनते. चालण्याचा घटक डावीकडून खाली पसरतो, म्हणून डावीकडचे आधी हा नियम लावला तर तो आधी यायला हवा. प्रत्यक्षात मस्तक आधी लिहितात आणि चालणे शेवटी. चौथ्या अक्षरात, 'लुन' म्हणजे शास्त्र, वाणीचा घटक आहे. विमुक्तीच्या मार्गाचे शास्त्र. ग्रंथाच्या पहिल्या ओळीपर्यंत पोहोचण्याआधीच इतके चढउतार आहेत आणि पुढे बारा गुंडाळ्या.

त्यातही भारतीय नावांची निराळीच गंमत. चिनीत वर्णमाला नसल्याने परकी नावे जवळपासच्या उच्चारांच्या अक्षरांनी लिहीत. उपतिस्स तेथे 'यू-पो-ती-शा' होतो. अशा वेळी अक्षरांचा अर्थ सोडून द्यायचा आणि आवाज धरायचा. कोणते अक्षर अर्थासाठी आले आहे आणि कोणते आवाजासाठी, हे ओळखायला मूळ पाली पाठ असावी लागते. येथे बापटांचे बळ होते. चिनी वाक्याच्या मागे उभे असलेले पाली वाक्य त्यांना दिसे, कारण 'विसुद्धिमग्ग' त्यांना परिचित होता. ज्याला फक्त चिनी येत होती त्याला हा ग्रंथ अर्धा मिटलेला होता आणि ज्याला फक्त पाली येत होती त्याला तो पूर्ण मिटलेला होता.

या दोन ग्रंथांच्या तौलनिक अभ्यासासाठी हार्वर्ड विद्यापीठाने १९३२ साली त्यांना डॉक्टरेट दिली. १९३७ साली तो प्रबंध पुण्यातून ग्रंथरूपाने बाहेर पडला. प्रकरणामागून प्रकरण त्यांनी शेजारी शेजारी ठेवून दाखवले. उपतिस्स माणसांच्या स्वभावाचे चौदा प्रकार करतात, बुद्धघोष सहांवर थांबतात. ध्यानाची कम्मट्ठाने उपतिस्सांकडे अडतीस आहेत, बुद्धघोषांकडे चाळीस. असे शेकडो बारकावे जुळवून त्यांनी निष्कर्ष काढला, की 'विमुत्तिमग्ग' हा आधीचा, आणि बुद्धघोषांनी तो डोळ्यांसमोर ठेवून आपला मोठा ग्रंथ रचला असावा. या निष्कर्षाच्या तपशिलांवर पुढे विद्वानांत वाद झाले, काही अजून चालू आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो, की परंपरेने ज्याला आरंभ मानले त्याच्याही मागे कोणी चालून गेलेले असू शकते, आणि तो पुरावा कधीकधी घरात न सापडता शेजाऱ्याच्या माळ्यावर सापडतो.

एकदा ही वाट सापडल्यावर ते तिच्यावरून हटले नाहीत. तरुणपणी त्यांनी संपादलेल्या 'सुत्तनिपाता'त 'अट्ठकवग्ग' नावाचा सोळा सुत्तांचा अतिशय प्राचीन भाग आहे. मतामतांच्या भांडणात न गुंतण्याचा उपदेश त्यात वारंवार येतो. या भागाचे चिनी भाषांतर तिसऱ्या शतकात ची-च्येन याने केले होते. हा ची-च्येन भिक्खू नव्हता, गृहस्थ उपासक होता, ही गोष्ट आमच्या उपासक-उपासिकांनी लक्षात ठेवावी. चिनी पाठात प्रत्येक सुत्ताला जोडून ते कोणत्या प्रसंगी सांगितले याची कथा आहे. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांची आपल्या परिचयाची गोष्टही त्यात सापडते. बापटांनी हे चिनी पुस्तक 'अर्थपदसूत्र' या नावाने इंग्रजीत आणले आणि ते शांतिनिकेतनच्या विश्वभारतीने प्रसिद्ध केले. रवींद्रनाथांच्या त्या विद्यापीठात १९३७ पासून चीनभवन उभे होते. पुण्यात फर्ग्युसनमध्येच वा. वि. गोखले हे त्यांचे सहकारी चिनी आणि तिबेटी ग्रंथांवर काम करीत होते. म्हणजे एका काळी या शहरात, टेकडीच्या पायथ्याशी, एकाच महाविद्यालयात चिनी बौद्ध ग्रंथ वाचणारी दोन माणसे होती. पुणेकरांनाही याची फारशी खबर नसावी.

येथे आमच्या मनातील एक बोच सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी अस्पृश्यांच्या मुलांच्या हाती पहिल्यांदा पाटी दिली, त्याच पुण्यात शंभर वर्षांनीही आमच्या वस्त्यांतील कित्येक हातांनी अक्षर गिरवले नव्हते. आमच्या आयांपैकी काहींनी साक्षरतेच्या वर्गात, चाळिशीनंतर, स्वतःच्या नावाची पहिली रेघ काढली. त्यामुळे प्रौढ वयात, ताठरलेल्या बोटांनी, परक्या अक्षराची वळणे घोटणे म्हणजे काय, हे आम्ही जवळून पाहिले आहे. बापटांना ती वेळ स्वेच्छेने आली, आमच्या आयांवर समाजाने आणली, हा फरक लहान नाही. बापटांचे मुख्य संशोधन इंग्रजीत आहे आणि ते विद्यापीठांच्या कपाटांत राहिले. धम्म आमच्या दारी आला तो बाबासाहेबांच्या हाताने. बाबासाहेबांनीही राजकारणाच्या आणि आजारपणाच्या धबडग्यात पालीचा अभ्यास केला, स्वतः पाली शब्दकोश सिद्ध करायला घेतला. त्यांना दीक्षा देऊन थांबायचे नव्हते. ग्रंथ हाती घेऊन वाचणारा समाज हवा होता. असा समाज व्हायचे तर बापटांसारख्यांनी कष्टाने उघडलेली कपाटे आपल्यालाही उघडावी लागतील. जन्म कोणत्या घरातला, यावरून ग्रंथ दूर लोटणे आम्हाला मान्य नाही.

१९५६ साली भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाल्याचा सोहळा देशभर झाला. त्या निमित्ताने भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने बौद्ध धर्माच्या अडीच हजार वर्षांचा आढावा घेणारा इंग्रजी ग्रंथ काढला. त्याचे संपादन बापटांकडे होते आणि प्रास्ताविक डॉ. राधाकृष्णन यांचे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील १४ ऑक्टोबरचा दिवस उजाडण्यापूर्वी तो ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. अडीच हजार वर्षांच्या त्या इतिहासातील सर्वांत मोठे भारतीय पान छापखान्यातून पुस्तक बाहेर पडल्यावर लिहिले गेले! पुढे दिल्ली विद्यापीठात बौद्ध अध्ययन विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची धुरा त्यांनी सांभाळली. 'विमुत्तिमग्गा'तील धुतांगांचे प्रकरण तिबेटी भाषेत स्वतंत्र टिकून होते. तेही त्यांनी १९६४ साली संपादून प्रसिद्ध केले. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हाती घेतलेला धागा सोडायला ते तयार नव्हते.

आणि मग १९७० चा तो ग्रंथ, ज्याच्यापासून आम्ही सुरुवात केली. तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तरीपुढे होते. विनयपिटकावरील 'समन्तपासादिका' या पाली अट्ठकथेचे हे चिनी रूप. संघभद्र नावाच्या भिक्खूने ते इसवी सन ४८९ मध्ये दक्षिण चीनमधील कँटन नगरात तयार केले. अठरा गुंडाळ्यांचा हा ग्रंथ. पाली अट्ठकथा रचली गेल्यानंतर थोड्याच काळात झालेले हे भाषांतर असल्याने, आजच्या पाली प्रतींत जे बदलले, वाढले वा गळले त्याची तो साक्ष देतो. बापट आणि हिराकावा यांनी ओळीमागून ओळ पालीशी ताडून पाहिली.

या संघभद्राविषयी चिनी परंपरेत एक वृत्तान्त आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिल्या संगीतीत विनयाचे संकलन झाले. त्या वर्षीचा वर्षावास संपला, पवारणेचा दिवस आला, तेव्हा उपाली थेरांनी विनयाच्या प्रतीची पूजा केली आणि तिच्यावर एक टिंब दिले. पुढल्या वर्षी आणखी एक. उपालींच्या मागे त्यांच्या शिष्याने, त्याच्या मागे त्याच्या शिष्याने दर वर्षावासानंतर एकेक टिंब देण्याचा परिपाठ राखला. ती प्रत हस्ते परहस्ते संघभद्रापर्यंत आली. कँटनमध्ये भाषांतर पुरे झाल्यावर त्यानेही एक टिंब दिले. सारी टिंबे मोजली तेव्हा ती ९७५ भरली. त्यावरून महापरिनिर्वाणाचे वर्ष इसवी सनापूर्वी ४८६ येते.

उपालींच्या काळी विनय लिहिलेला नव्हता, तो मुखोद्गत होता. तिपिटक ग्रंथबद्ध झाले ते सिंहलद्वीपात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात. तेव्हा पहिली काही शतके टिंबे कशावर दिली, असा आक्षेप घेता येतो आणि तो योग्यच आहे. शिवाय ज्या गणनेने १९५६ चा सोहळा झाला ती महापरिनिर्वाण इसवी सनापूर्वी ५४४ मध्ये धरते. दोहोंत अठ्ठावन्न वर्षांचे अंतर आहे. गंमत अशी, की एका गणनेवर आधारलेल्या ग्रंथाचे संपादन बापटांनीच केले आणि दुसऱ्या गणनेशी ज्याचे नाव निगडित आहे त्या संघभद्राचा ग्रंथही त्यांनीच इंग्रजीत आणला.

नव्वदी ओलांडलेले दीर्घायुष्य त्यांना लाभले. आठवीतल्या ज्या मुलाने आम्हाला तो प्रश्न विचारला होता त्याला आम्ही पुढल्या रविवारी फळ्यावर 'फो', म्हणजे बुद्ध, हे अक्षर काढून दाखवले. सात रेघांचे आहे. डावीकडे माणूस, दोन रेघांचा; उजवीकडे पाच रेघा, त्यातील तिसरी दोन वेळा वळून शेवटी आकडा घेते. आमचा हात तेथेच अडखळला आणि रेघ दोनदा पुसावी लागली. त्या मुलाने वहीत ते अक्षर बरोबर क्रमाने काढले, फक्त आधी माणूस काढायचा तो तिरक्या रेघेपासून की उभ्या, हे एकदा विचारून घेतले. तिरक्या रेघेपासून.